‘आता पुरे!’ म्हणणारा खटका

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न. इस्त्रीचा दिवा अधूनमधून आपोआप विझतो आणि पुन्हा लागतो, तो कोण लावतं? फ्रिज रात्री गप्प असतो आणि मध्येच घुर्र करून सुरू होतो, त्याला कोण उठवतं? आणि गीझर लावून आई विसरली, तरी पाणी उकळून बाहेर का येत नाही?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: थर्मोस्टॅट. नाव भारदस्त असलं तरी जीव एवढासा. कधी बोटाएवढी पट्टी, तर कधी वीतभर लांबीची नळी. काम मात्र पहारेकऱ्याचं. ठरलेल्या तापमानाला वस्तू पोचली की ‘आता पुरे!’ म्हणायचं आणि वीज तोडायची. वस्तू थंड झाली की ‘चला, पुन्हा लागा कामाला’ म्हणून वीज जोडायची. बस्स, एवढंच.

आपला गोंदिया जिल्हा म्हणजे दोन टोकांचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत ८-९ अंशांपर्यंत खाली येतो. थंडीच्या दिवसांत विदर्भातल्या सगळ्यात कमी तापमानाची नोंद अनेकदा गोंदियाचीच असते. नवेगावबांध, नागझिऱ्याकडच्या गावांत तर सकाळी शेकोटीजवळून हलवत नाही. म्हणजे उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात गीझर. दोन्हींत वीज आणि पाणी एकाच खोक्यात नांदतात. म्हणून या आठवड्यात आपण या पहारेकऱ्याची ओळख करून घेऊ, आणि तो बिघडून नवा बसवायची वेळ आली तर कुठली वायर कुठे जाते, हेही समजून घेऊ.

आजीचा थर्मोस्टॅट

गीझर नव्हता तेव्हाही थर्मोस्टॅट होता बरं का! आंघोळीच्या पाण्याचा गंज चुलीवर चढायचा. आजी मध्येच येऊन पाण्यात बोट बुडवायची. पाणी कोमट असलं, तर लाकूड आत सारायची. कढत झालं, तर लाकूड बाहेर ओढायची. आता बघा, यात तीन कामं झाली. तापमान बघणं, ते हवं तेवढं आहे का हे ठरवणं, आणि त्याप्रमाणे आच कमी-जास्त करणं. थर्मोस्टॅट ही तिन्ही कामं एकटा करतो, आणि तेही न थकता.

पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक तुम्ही पाहिला असेल. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की गोळा खाली जातो आणि नळ सुरू होतो. तो पाण्याच्या पातळीचा पहारेकरी, आणि हा उष्णतेचा.

दोन धातूंची शर्यत

धातू तापला की थोडासा लांबतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलंच आहे. थोडासा म्हणजे किती? १ किलोमीटर लांबीचा पोलादी रूळ मोकळा सोडला आणि तो ५० अंशांनी तापला, तर सुमारे ६० सेंटिमीटरने लांबेल. म्हणजे दोन फुटांना थोडंच कमी!

पण सगळे धातू सारखे लांबत नाहीत. १ मीटर लांबीची पितळी पट्टी १०० अंशांनी तापवली तर साधारण १.९ मिलिमीटरने लांबते, आणि तेवढीच पोलादी पट्टी लांबते १.२ मिलिमीटरने. आता गंमत करू. पितळेची आणि पोलादाची पट्टी एकमेकींना घट्ट चिकटवून टाकू, आणि तापवू. पितळ म्हणतं, मला लांब व्हायचंय. पोलाद म्हणतं, मी एवढीच लांबणार. एकमेकींना सोडता तर येत नाही. मग काय होईल?

पट्टी वाकते! जास्त लांबणारं पितळ बाहेरच्या बाजूला, कमी लांबणारं पोलाद आतल्या बाजूला. मैदानावर वळणावर धावताना बाहेरच्या रांगेतल्या मुलाला जास्त अंतर पडतं ना, तसंच. या जोडपट्टीला म्हणतात द्विधातू पट्टी. पट्टी वाकली की तिच्या टोकाचा संपर्क सुटतो आणि वीज तुटते. थंड झाली की पट्टी सरळ होते आणि वीज जुळते. इस्त्रीच्या पोटात हेच चाललेलं असतं.

ही युक्ती पहिल्यांदा वापरली जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने. समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे हे कळायला अचूक घड्याळ लागायचं, आणि थंडी-उन्हाने घड्याळ मागेपुढे व्हायचं. हॅरिसनने १७५९च्या सुमाराला तयार झालेल्या आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात पितळ आणि पोलादाची जोडपट्टी बसवली. तापमान बदललं की पट्टी वाकायची आणि घड्याळाची चाल आपोआप सुधारायची. पुढे १८३०मध्ये स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी अशा पट्टीने उष्णता काबूत ठेवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिलं.

आणि भिंतीवरचा विजेचा थर्मोस्टॅट? तो आला एका शाळेतून! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून शाळेच्या तळघरात भट्टी पेटलेली असे. कुठल्या वर्गात किती ऊब आहे हे भट्टीवाल्याला तळघरात कसं कळणार? त्यासाठी एक माणूस प्रत्येक वर्गात डोकावून तापमान बघायचा. शिकवणं मध्येच थांबायचं. जॉन्सन सरांनी डोकं चालवलं, आणि वर्गातलं तापमान बदललं की तळघरात घंटी वाजेल असं विजेचं उपकरण बनवलं. १८८३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. वर्गात व्यत्यय नको म्हणून लागलेला शोध! तुमच्या वर्गात व्यत्यय आला की तुम्हाला आनंद होतो, ते सोडा.

आज थंड देशांत जवळपास प्रत्येक घरात असा थर्मोस्टॅट भिंतीवर दिसतो. लंडनला किंवा न्यू जर्सीला कुणाचे काका-मावशी राहत असतील, तर विचारून बघा. सबंध घर उबदार ठेवणारी यंत्रणा त्या छोट्या डबीच्या सांगण्यावरून चालते. ती डबी खिडकीजवळ, उन्हात किंवा स्वयंपाकाच्या शेगडीजवळ लावत नाहीत. का बरं? शेगडीची धग लागली की डबीला वाटतं घर तापलं, आणि बाकीचे बिचारे खोलीत कुडकुडत बसतात!

करून बघू

हा प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर करायचा. भिंतीतल्या विजेशी याचा काही संबंध नाही, आणि जोडायचाही नाही.

साहित्य: स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल, वहीचा कागद, डिंक, दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब किंवा पांढरा एलईडी, बारीक वायर, काड्यापेटीची रिकामी पेटी, झाकणाचा स्टीलचा डबा आणि गरम पाणी.

फॉइल कागदावर डिंकाने सपाट चिकटवा आणि जाड पुस्तकाखाली रात्रभर वाळू द्या. मग त्यातून १० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. पुस्तकांची एक चळत रचा आणि पट्टीचं एक टोक वरच्या पुस्तकाखाली दाबून ठेवा. बाकीची पट्टी हवेत आडवी राहील. फॉइलची बाजू खाली, कागदाची वर. काड्यापेटीला फॉइल गुंडाळा आणि पट्टीचं मोकळं टोक तिच्यावर अलगद टेकेल अशी ती ठेवा. आता सेलपासून बल्ब, बल्बपासून पट्टीची फॉइल, पट्टीच्या टोकाकडून काड्यापेटीची फॉइल, आणि तिथून वायरने परत सेल. दिवा लागला? नाही लागला तर फॉइल पुसून घ्या. एलईडी असेल तर त्याचे पाय उलटे करून बघा.

आता मोठ्यांकडून डब्यात गरम पाणी भरून घ्या, झाकण घट्ट लावा आणि डबा पट्टीच्या मधल्या भागाखाली, पट्टीला न टेकवता ठेवा. थोड्या वेळात फॉइल लांबेल, पट्टी कागदाच्या बाजूला म्हणजे वर वाकेल, टोक सुटेल आणि दिवा विझेल! डबा काढा, पट्टी थंड होऊ द्या. टोक पुन्हा टेकलं की दिवा लागेल. झाला तुमचा थर्मोस्टॅट तयार.

झाकण घट्ट का? वाफ लागली तर कागद ओला होऊन फुगतो, आणि पट्टी उलट्या दिशेने वाकू पाहते. आणि एक, पट्टी मेणबत्तीवर धरायची नाही. कागद आहे तो.

गीझरच्या पोटात

गीझरमध्ये बहुधा पट्टीऐवजी नळी असते. बाहेर पितळेची नळी आणि आत ‘इन्व्हार’ नावाच्या मिश्रधातूची दांडी. इन्व्हार म्हणजे लोखंड आणि निकेल यांचं असं मिश्रण, जे तापलं तरी जवळजवळ लांबतच नाही. शार्ल गियोम या शास्त्रज्ञाने ते १८९६मध्ये शोधलं, आणि १९२०चं पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. पाणी तापलं की पितळी नळी लांबते, आतली दांडी मात्र तेवढीच राहते. किती फरक पडतो? नळी २८ सेंटिमीटर लांब असेल आणि पाणी ४५ अंशांनी तापलं, तर पाव मिलिमीटरपेक्षाही कमी! एवढ्याशा हालचालीने खटका ‘टक’ करून पडतो. खटका हळूहळू सुटला तर संपर्काच्या जागी ठिणग्या उडून धातू जळेल, म्हणून तो झटक्यात सुटेल अशी स्प्रिंग आत असते. तुम्ही ऐकता ती ‘टक’ तिचीच.

आता थोडं गणित. १५ लिटरचा गीझर, २००० वॉटची कॉइल. थंडीत पाणी १५ अंशांचं आहे आणि ते ६० अंशांपर्यंत न्यायचं आहे. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल उष्णता लागते. १५ गुणिले ४५ गुणिले ४१८६, म्हणजे सुमारे २८ लाख २५ हजार ज्यूल. २००० वॉटची कॉइल सेकंदाला २००० ज्यूल देते. म्हणजे जवळपास १४१३ सेकंद, साडेतेवीस मिनिटं. वीज लागली पाऊण युनिटाहून थोडी जास्त.

ही वीज येते कुठून? आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच असलेलं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने वीज तयार होते आणि अशा विजेने आपण पुन्हा पाणी तापवतो! या फेऱ्यात कोळशातल्या उष्णतेच्या निम्म्याहून कमी भागाचीच वीज होते. तेव्हा ‘आता पुरे’ म्हणणारा खटका नुसता आपला रक्षक नाही, तो काटकसरीही आहे.

आणि खटका म्हणालाच नाही, तर? पाणी ६० अंशांपर्यंत तापतानाच दीड टक्क्याहून थोडं जास्त फुगतं. १५ लिटरमागे पाव लिटर. ते जास्तीचं पाणी बाहेर जायला गीझरला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. पाणी उकळून वाफ होऊ लागली तर मात्र गोष्ट वेगळी. १ लिटर पाण्याची साधारण १६०० लिटर वाफ होते. बंद टाकीत ती मावेल कुठे? म्हणून थर्मोस्टॅटच्या पाठीशी आणखी एक पहारेकरी असतो, ‘कटआउट’. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की तो वीज तोडतो, आणि बऱ्याच गीझरांत तो हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा जोडला जात नाही. कटआउट पडला म्हणजे तो ओरडून सांगतोय, ‘अरे, पहिला पहारेकरी झोपलाय!’ बटण दाबून दाबून गीझर चालू ठेवणं हा त्याच्यावरचा उपाय नाही. आणि व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारणं, हा तर आत्मघात.

नवा थर्मोस्टॅट बसवताना

आता मुख्य गोष्ट. हे काम तुमचं नाही. ते परवाना असलेल्या वायरमन काकांचं आहे. तुमचं काम लांब उभं राहून बघायचं, विचारायचं आणि लिहून ठेवायचं. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये मुलं-मुली हेच काम रीतसर शिकतात. तुम्हालाही आवडलं तर दहावीनंतर तो रस्ता खुला आहे.

चांगला वायरमन कसा ओळखायचा? तो आधी पक्कड काढत नाही, आधी मेन स्विच बंद करतो. गीझरची नुसती कळ बंद करून भागत नाही. का, ते पुढे येईलच. मेन बंद करून तो घरातल्या सगळ्यांना सांगतो, नाहीतर आत काम चालू असताना कुणीतरी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणून बटण वर करायचं!

मग तो टेस्टर लावतो. पण कसा? काम सुरू करण्याआधी चालू असलेल्या जागी लावून टेस्टर पेटतो ना, हे बघतो. मेन बंद केल्यावर गीझरच्या वायरला लावतो. आणि शेवटी पुन्हा चालू जागी, उदाहरणार्थ मेनच्या अलीकडे, लावून खात्री करतो. टेस्टरच बिघडलेला असेल तर ‘दिवा लागला नाही, म्हणजे वीज नाही’ हा निष्कर्ष जिवावर बेततो.

तिसरी गोष्ट, एकही वायर सोडण्याआधी तो जोडणीचं चित्र काढतो. हल्ली मोबाइलने फोटो काढता येतो. हे एवढं महत्त्वाचं का? कारण वायरींचे रंग फसवतात. आपल्याकडे भिंतीतल्या वायरिंगमध्ये वर्षानुवर्षं लाल, पिवळी, निळी म्हणजे थ्री-फेजच्या तीन फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थिंग, असा रिवाज आहे. गोंदियाच्या भाताच्या गिरण्यांत आणि शेतातल्या पंपावर हे रंग तुम्ही पाहिले असतील. पण उपकरणासोबत आलेल्या वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी पट्ट्यांची म्हणजे अर्थिंग. आता सांगा, निळी वायर म्हणजे काय? एकीकडे फेज, दुसरीकडे न्यूट्रल! शिवाय कुणी घाईत हाताला लागेल ती वायर वापरलेली असते, ते वेगळंच. म्हणून नियम एकच: रंगावर विश्वास नाही, तपासणीवर विश्वास.

परदेशातल्या त्या भिंतीवरच्या डब्यांचीही हीच कथा. अमेरिकेत बहुतेक घरांत त्या डबीला फक्त २४ व्होल्टची वीज असते, आणि टर्मिनलवर अक्षरं असतात. ‘आर’ म्हणजे वीज येणारी, ‘डब्ल्यू’ म्हणजे घर तापवायला सांगणारी, ‘वाय’ म्हणजे गार करायला सांगणारी. जुनी डबी काढताना वायर कुठल्या अक्षराखाली होती ते चिठ्ठीवर लिहून वायरीला चिकटवायचं, अशी तिथली रीत. इंग्लंडमध्ये मात्र अशा पुष्कळ डब्यांत २३० व्होल्ट असतात, आणि निळी वायर न्यूट्रल नसून खटक्यातून परत जाणारी फेज असू शकते. गोंदिया असो की लंडन, रंगाला भुलू नये हेच खरं.

चौथी गोष्ट, नवा थर्मोस्टॅट जुन्यासारखाच हवा. नळीची लांबी तीच, तापमानाची मर्यादा तीच आणि अँपिअर कमी नाहीत. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. एवढा प्रवाह रोज झेलायचा आहे. ‘बसतोय ना, मग चालतंय’ हे इथे चालत नाही.

पाचवी आणि सगळ्यात मोठी. फेजची वायर आधी कटआउट आणि थर्मोस्टॅटमधून जाते, तिथून कॉइलला, आणि कॉइलमधून न्यूट्रल परत. समजा कुणी उलटं केलं आणि खटका न्यूट्रलच्या वाटेवर बसवला. काय होईल? गंमत म्हणजे गीझर अगदी नीट चालेल! पाणी तापेल, ‘टक’ होईल, दिवाही विझेल. पण दिवा विझल्यावरही कॉइल फेजला जोडलेलीच राहील. म्हणजे सबंध कॉइल २३० व्होल्टवर, आणि आपल्याला वाटतंय बंद आहे. कॉइलच्या आवरणाला चीर गेली, पाणी आत शिरलं आणि अर्थिंगही नसलं, तर नळाला हात लावणाऱ्याचं काय? भिंतीवरची कळ चुकून न्यूट्रलवर असेल, तरी हाच धोका. मेन बंद करायचा तो यासाठी. ‘चालतंय’ आणि ‘बरोबर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विजेइतकं स्पष्ट दुसरं कुणी शिकवत नाही.

सहावी गोष्ट, स्क्रू घट्ट. सैल जोडाला अवघा ०.१ ओहम विरोध असला, तरी ८.७ अँपिअरला तिथे साडेसात वॉट उष्णता तयार होते. एवढ्याशा जागेत! आवरण काळं पडतं, जळका वास येतो. तो वास आला की ताबडतोब मेन बंद करून मोठ्यांना सांगायचं.

आणि सातवी, हिरवी वायर. ती कुठल्याच खटक्यातून जात नाही. ती थेट गीझरच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. तीन पिनांच्या प्लगमध्ये तिची पिन सगळ्यात जाड आणि लांब असते. लांब का? म्हणजे प्लग घालताना रक्षण आधी पोचतं आणि वीज मागून, आणि काढताना वीज आधी जाते, रक्षण शेवटी. किती विचार केलाय बघा! ही पिन तोडून दोन पिनांच्या जागी प्लग खुपसणाऱ्याला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

सगळं झालं की टाकी पाण्याने भरल्याची खात्री करायची आणि मगच मेन लावायचा. कोरडी कॉइल काही वेळातच जळून जाते.

उन्हाळ्यातला यमदूत

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कुणी पाणी भरताना, कुणी अंगणातून अनवाणी येऊन पत्र्याला टेकताना. कधी लहान मुलं. पत्र्याचा कूलर, आत पाण्याचा पंप, खाली ओली जमीन आणि अर्थिंगचा पत्ता नाही, असं सगळं जुळून येतं.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असं कुणी म्हणेल. पण ऐका. १६ अँपिअरचा एमसीबी पडतो तो १६ अँपिअरहून बराच जास्त प्रवाह गेला तर. माणसाचा जीव जायला ०.१ अँपिअरसुद्धा पुरतो. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. ते फेजमधून किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, याचा सतत हिशेब ठेवतं. ०.०३ अँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्याच वाटेने, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत चाललाय. लगेच ते क्षणार्धात वीज तोडतं. दुकानदाराच्या गल्ल्यात संध्याकाळी दोन रुपये कमी भरले की तो लगेच ओरडतो ना, तस्सं!

तुमचं काम

आता या आठवड्याचा गृहपाठ. हात न लावता, नुसत्या डोळ्यांनी करायचा.

१. घरातल्या कुठल्या वस्तूंमध्ये थर्मोस्टॅट आहे, त्यांची यादी करा.
२. कूलर, गीझर, फ्रिज आणि इस्त्री यांचे प्लग तीन पिनांचे आहेत का, ते बघा.
३. मेन बोर्डवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असं लिहिलेलं छोटं बटण दिसतं का? ते असेल तर बहुधा आरसीसीबी आहे. नसेल तर आई-बाबांना विचारा, आपल्याकडे तो का नाही?
४. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी आजीलाही, माहीत आहे का?

कुणाला शॉक लागताना दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद, मग मोठ्यांना हाक. ते जमणार नसेल तर मोठ्यांनी कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करायची.

पालकांना एकच विनंती. गीझरची किंवा कूलरची दुरुस्ती झाल्यावर ‘चालतंय का?’ एवढंच विचारू नका. ‘फेज खटक्यातून गेली आहे ना? अर्थिंग तपासलं ना?’ हेही विचारा. आणि विचारताना मुलाला शेजारी उभं करा. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, ही सवय मुलं तुमच्याकडूनच उचलतील.

जाता जाता एक कोडं. गीझरचा थर्मोस्टॅट तापला की वीज तोडतो. फ्रिजचा थर्मोस्टॅट तापला की वीज जोडतो, थंड झाला की तोडतो. समजा एखाद्या उपद्व्यापी माणसाने गीझरमध्ये फ्रिजच्या पद्धतीने चालणारा खटका बसवला. थंडीच्या दिवसांत सकाळी गार पाण्याच्या त्या गीझरची कळ दाबली, तर काय होईल? आणि जूनमध्ये, टाकीतलं पाणी उन्हाने आधीच तापलेलं असताना दाबली, तर? नीट विचार करा, दोन्ही उत्तरं वेगळी आहेत, आणि त्यातलं एक फार भयंकर आहे. उत्तर पुढच्या अंकात. तोवर नुसती कल्पना करा, खटका बदलून बघू नका!